अँपिअर किती होते?

मार्च सरत आला की उजनीचं पाणी मागे हटायला लागतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर, करमाळा, कर्जत, दौंड या बाजूच्या काठावर ऊस उभा राहिला तो मोटरी टाकून. पाणी खाली जाईल तशी मोटर त्याच्या मागे न्यायची, पाइप वाढवायचे, केबल वाढवायची. डीपी (रोहित्र) आणि स्टार्टरची पेटी जागची हलत नाही. मोटर मात्र कधी दोनशे मीटर, कधी चारशे मीटर पुढे गाळात जाऊन बसते. याच दिवसांत माझ्या वायंडिंगच्या दुकानासमोर जळालेल्या मोटरींची रांग लागते आणि मोटर उतरवता उतरवता प्रत्येक जण एकच सांगतो, "होल्टेजच नव्हतं ओ मिस्त्री."

ते खोटं नसतं, पण त्यात निम्मीच हकीकत असते. मी विचारतो, "अँपिअर किती होते?" बहुतेकांना माहीत नसतं. स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर असतो, त्याचा काटा येता-जाता दिसतो. शेजारचा अँपिअरमीटर कधीच बंद पडलेला असतो आणि तो बदलायची कोणाला निकड वाटत नाही. मला विचाराल तर दोन्हींत आधी दुरुस्त करायचा तो अँपिअरचा.

व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे एकाच क्षणी हातात आले की बाकीचं गणित सातवीतल्या पोराला जमेल. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स मिळतो ओहममध्ये, गुणलं की पॉवर मिळते वॉटमध्ये. आयटीआयला पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहून देतात. परीक्षा झाली की बहुतेकांच्या लेखी ते संपतं. माझ्या लेखी ते दुकान टाकल्यावर खऱ्या अर्थाने सुरू झालं, कारण एकच मोटर एकाच हंगामात दोनदा जळून आली की शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही. तांबं भरून, वार्निश मारून मोटर परत दिली आणि ती का जळाली ते शोधलं नाही, तर आपण त्याचे पैसे घेऊन पुढची जळण्याची तारीख देतो. हे मी मनापासून मानतो आणि दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो.

आता व्होल्टेज कमी झालं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. घरात दोन हजार वॉटचा गीझर आहे असं धरा. २३० व्होल्टवर तो सुमारे ८.७ अँपिअर घेतो. भागाकार केला की त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स येतो साडेसव्वीस ओहमच्या आसपास. रात्री व्होल्टेज १८० वर आलं तरी कॉइल तीच, ओहम तेच. मग करंट उतरतो ६.८ वर आणि पॉवर उरते जेमतेम बाराशे पंचवीस वॉट. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने कमी झालं, उष्णता मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. पाणी तापायला वेळ लागतो, माणूस चिडतो, पण गीझर जळत नाही. म्हणूनच "होल्टेज कमी होतं म्हणून जळालं" हे वाक्य सगळ्या वस्तूंना सारखं लावता येत नाही.

मोटरचं उलटं आहे. तिला पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, काम कमी होत नाही. व्होल्टेज पडलं की ती तेवढ्याच कामासाठी करंट जास्त ओढते. प्लेटवर १३ अँपिअर लिहिलेली साडेसात एचपीची सबमर्सिबल कमी व्होल्टेजवर साडेपंधरा घेताना मी कितीदा पाहिली आहे. अडीच अँपिअरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण वायंडिंगमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. साडेपंधराला तेराने भागून वर्ग करा, १.४२ येतो. म्हणजे आत बेचाळीस टक्के जास्त उष्णता. हा वर्गाचा नियम इंग्लंडमधल्या जूलने १८४०च्या सुमारास तारा पाण्यात बुडवून, पाणी किती तापलं ते मोजून बसवला. आमच्या मोटरीही पाण्यातच बुडालेल्या असतात, पण गाळात रुतलेल्या मोटरभोवती पाणी खेळत नाही, मग ती उष्णता जाणार कुठे?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर शिकलेला माणूसही फसतो. चालू मोटरच्या व्होल्टेजला तिच्या करंटने भागून वायंडिंगचा रेझिस्टन्स निघत नाही. पंधरा एचपीच्या मोटरच्या एका फेजचा रेझिस्टन्स सव्वा ओहमच्या आत-बाहेर असतो. ४१५ ला १.२ ने भागलं तर साडेतीनशे अँपिअर येतील, आणि प्रत्यक्षात त्या फेजमधून बारा वाहत असतात. बाकीचा करंट अडवतं ते फिरत्या यंत्रातलं चुंबकत्व, नुसती तार नव्हे. तसंच गुणाकाराचं. वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरवरचे अँपिअर आणि व्होल्ट गुणून मोटरचे खरे वॉट मिळत नाहीत. तीन फेजसाठी १.७३ ने गुणावं लागतं आणि वर पॉवर फॅक्टर धरावा लागतो, कारण करंटचा काही भाग चुंबकत्वासाठी नुसता ये-जा करतो. पूर्ण लोडवर चालणाऱ्या मोटरला मी तो ०.८५ धरतो.

फिरणं थांबलं तर काय होतं, ते उजनीच्या काठावर जलपर्णीने आम्हाला शिकवलं आहे. फूटव्हॉल्व्हची जाळी फुटलेली असली की जलपर्णीच्या मुळ्या ओढल्या जातात, इंपेलरला गुंडाळतात आणि पंप जाम होतो. थांबलेली मोटर नेहमीच्या सहा पट करंट घेते. सहाचा वर्ग छत्तीस. वरच्या पंधरा एचपीच्या मोटरमध्ये बारा अँपिअरवर तिन्ही फेज मिळून पाचशे वॉट उष्णता होत होती, ती एकदम अठरा हजारांवर जाते. ओव्हरलोड रिले नीट लावलेली असेल तर ती वेळेवर तोडते. पण अनेक पेट्यांत रिलेचा दट्ट्या काडी खोचून दाबून ठेवलेला मिळतो, कारण ती 'उगाच ट्रिप होते'. उगाच होत नाही ती. काही सेकंदांत वार्निश करपायला लागतं, त्याच्या आधी तिला तोडायचं असतं.

दुकानात मोटर आली की मी ती लगेच खोलत नाही. आधी मेगरने बॉडीला लीकेज बघतो, मग तिन्ही फेजचे ओहम मोजतो. साधा मल्टीमीटर इथे कामाचा नाही. त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स दोन-तीन दशांश ओहम असतो, आणि आपल्याला शोधायचा असतो १.२ आणि १.० मधला फरक. त्यासाठी एक जुनी, खात्रीची पद्धत आहे. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी घ्यायची. तिच्यासोबत हेडलाइटचा पंचावन्न वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा, म्हणजे करंट आवरलेला राहतो. मग अँपिअरमीटर, मग वायंडिंगचा एक फेज. व्होल्टमीटरच्या पिना मात्र थेट वायंडिंगच्या टोकांना, बॅटरीच्या क्लिपांच्या आतल्या बाजूला टेकवायच्या. असं केलं की क्लिपांचा, वायरींचा, गंजलेल्या टोकांचा रेझिस्टन्स हिशोबातून बाहेर राहतो, कारण पिनांमधून करंट जवळपास वाहतच नाही.

एका पंधरा एचपीच्या मोनोब्लॉकला असे आकडे आले होते. पहिल्या फेजला ३.६० अँपिअर आणि ४.३२ व्होल्ट, भागाकार १.२० ओहम. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला ३.७० अँपिअर आणि ३.७० व्होल्ट, म्हणजे बरोबर १.००. तिसऱ्या फेजमध्ये काही वेढे आतल्या आत शॉर्ट झाले होते. मेगर चांगला दाखवत होता, वरून वायंडिंग नव्यासारखं दिसत होतं, जळका वासही नव्हता. मालकाचं म्हणणं होतं की बेअरिंग गेलंय, तेवढं बदलून द्या. मी त्यांना कागदावर तिन्ही भागाकार मांडून दाखवले. ते पाहून त्यांनीच खोलायला सांगितलं. स्लॉटच्या तोंडाशी, वेढे वळतात तिथे, बोटाच्या पेराएवढा काळा डाग मिळाला.

एक काळजी यात घ्यावीच लागते. बॅटरी सोडवण्याआधी व्होल्टमीटरच्या पिना काढायच्या. वायंडिंगमधला करंट एकदम तोडला की ते मोठा उलटा झटका देतं. ठिणगी दिसते, मीटर जातो, हात टोकांवर असेल तर चांगलाच बसतो.

आणि दोन्ही मीटर एकाच वेळी वाचायचे. बॅटरी उतरत असते, बल्बची तार तापत असते, आकडे सरकत राहतात. आधी अँपिअर लिहून, चहा पिऊन मग व्होल्ट लिहिले तर तो भागाकार कुठल्याच वस्तूचा राहत नाही. जॉर्ज ओहमला हीच अडचण आली होती, हे वाचल्यापासून मला तो माणूस जवळचा वाटतो. १८२५ मध्ये त्याने रासायनिक बॅटरीवर प्रयोग सुरू केले, पण तिचा जोर मोजता मोजता बदलत होता. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याचं जोड-उपकरण घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळणं आणि गोठणं यांचं तापमान स्थिर, म्हणून वीजही स्थिर. त्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्याने आकडे घेतले आणि १८२७ साली पुस्तक छापलं. हे प्रयोग केले तेव्हा तो कोलोनमध्ये शाळामास्तर होता. वडील कुलपं बनवणारे, त्यामुळे घरातच हत्यारांची सवय. पुस्तकाला सुरुवातीला थंडच प्रतिसाद मिळाला. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला १८४१ साल उजाडलं. आज त्याच्या नावाचं एकक आम्ही ग्रीस लागलेल्या वहीत दिवसभर लिहितो.

बॅटरी आणि दोन मीटरच्या त्याच पद्धतीने मोटरच्या पोटातलं तापमानही कळतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या विद्येतली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स ठरलेल्या प्रमाणात वाढतो. थंड असताना ३० अंशांना १.२० ओहम होता. तासभर पूर्ण लोडवर चालवून मोटर थांबवली आणि ती निवायच्या आत पटकन पुन्हा मोजलं, तर १.४६ आला. थंड तापमानात २३४.५ मिळवायचे, दोन रेझिस्टन्सच्या भागाकाराने गुणायचं, पुन्हा २३४.५ वजा करायचे. उत्तर ८७ अंश. बी क्लासचं इन्सुलेशन १३० अंशांपर्यंत टिकतं, म्हणजे ही मोटर निवांत आहे. ज्या उस्तादांकडे मी वायंडिंग शिकलो ते बॉडीवर पालथा हात ठेवून सांगायचे, "चालू दे" किंवा "बंद कर". त्यांचा हात मी फार मानतो. पण हाताला बाहेरचं बीड कळतं, आतलं तांबं कळत नाही, आणि उस्तादांचा हात उस्तादांबरोबरच जातो. भागाकार कोणालाही देता येतो.

गेल्या काही उन्हाळ्यांतलं एक काम मुद्दाम सांगतो. काठावरचे एक आबा, साडेसात एचपीची सबमर्सिबल, चारशे मीटर केबल. केबल चारची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर तांब्याची. मोटर मी भरून दिलेली, ती पंधरवड्यात पुन्हा जळाली. आबा म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या तांब्यातच खोट असंल." मला ते लागलं. दुसरी मोटर जोडून देतो म्हणालो, पण लाइन मोजल्याशिवाय सोडणार नाही.

स्टार्टरवर चालू लोडला ३७५ व्होल्ट होते. टाँग टेस्टर एकेका वायरीला लावला. तिन्ही वायरी एकत्र जबड्यात धरल्या तर तो शून्य दाखवतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. साडेपंधरा अँपिअर. चारच्या केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरला पाच ओहमच्या जवळ, म्हणजे चारशे मीटरला प्रत्येक वायरीचा दोन ओहम. साडेपंधराचा वर्ग दोनशे चाळीस, गुणिले दोन, गुणिले तीन वायरी: १४४० वॉट. चौदाशे चाळीस वॉट नुसते केबल तापवण्यात चालले होते, आणि पाण्याजवळच्या शेवटच्या जॉइंटवर व्होल्टेज उरलं होतं ३३०. डीपीवर ओरडून हे पंचेचाळीस व्होल्ट परत येणार नव्हते. ते आबांच्या स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या केबलमध्ये गळत होते. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली, त्यामुळे बिलात हे वॉट दिसत नाहीत. ते दिसतात कमी पडणाऱ्या पाण्यात आणि जळालेल्या मोटरीत.

पण एवढ्याने पंधरवड्यात मोटर जळायला नको होती. केबलला चार जॉइंट होते, पिळा मारून टेप गुंडाळलेले. सप्लाय बंद करून एकेक जॉइंट सोलला, दोन्ही अंगांना मीटरच्या पिना पक्क्या बांधल्या, लांब उभा राहिलो आणि फोनवरून स्टार्टर चालू करायला सांगितला. ओल्या काठावर चालू लाइनला हात लावून मोजायचं धाडस कोणी करू नये. तीन जॉइंटवर काही मिलिव्होल्ट, म्हणजे ठीक. चौथ्याच्या एका फेजवर १.५५ व्होल्ट. भागिले साडेपंधरा: ०.१ ओहम. गुणिले साडेपंधरा: २४ वॉट. ओहमचा दहावा हिस्सा म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण आमच्या टेबलावरचा लहान सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचा असतो. तसला आयर्न टेपमध्ये गुंडाळून दिवसरात्र चालू ठेवावा तसा तो जॉइंट होता. आतलं तांबं निळं-काळं पडलं होतं. तापला की काजळी धरतो, काजळीने रेझिस्टन्स वाढतो, वाढला की आणखी तापतो. शेवटी तो फेज सुटतो. मग मोटर दोन फेजवर घरघरत चालते, उरलेल्या दोन वायरींत पावणेदोन पटीच्या आसपास करंट जातो, आणि त्याच्या वर्गाएवढी उष्णता. आधीची मोटर अशीच गेली होती.

आबांना मी आकडे दाखवले. ते शाळा फार शिकलेले नाहीत, पण ऊसतोडीच्या पावत्यांचा हिशोब तोंडी करणारे. साडेपंधराचा वर्ग त्यांनी माझ्याआधी सांगितला. मग विचारलं, "म्हंजे केबल जाड केली तर ह्यो आकडा पडतो?" पडतो. दहाची केबल किलोमीटरला दोन ओहमच्या आत असते. सगळी चारशे मीटर दहाची घ्यायची त्यांची ऐपत नव्हती, आणि तशी गरजही नव्हती. स्टार्टरपासूनचा अडीचशे मीटरचा टप्पा दर उन्हाळ्याला लागतोच, तो दहाचा केला. पुढचे दीडशे मीटर, जे पाण्यामागे ओढावे लागतात, ते जुन्या चारचेच ठेवले, कारण दहाची जड केबल गाळातून ओढणं एकट्यादुकट्याचं काम नाही. जॉइंटला पिळ्याऐवजी दाबून बसवलेले तांब्याचे फेरूल आणि वर वॉटरप्रूफ स्लीव्ह. मोजलं तेव्हा करंट १४.३ वर उतरला होता आणि शेवटच्या जॉइंटवर ३४९ व्होल्ट होते. केबलमध्ये जाणारे वॉट साडेसातशेवर आले.

स्टार्टरवर ३७५ च का, चारशेच्या वर का नाही, हा प्रश्न राहतोच. तो डीपीचा आणि मागच्या लाइनचा आहे आणि तिथेही हाच हिशोब लागतो. फक्त तो एकट्याने मोजून भागत नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकाच वेळी आपापले व्होल्ट आणि अँपिअर लिहून ठेवले, तर कुठल्या फेजवर लोड ओतला गेलाय ते कागदावर दिसतं आणि लाइनमनलाही काम नेमकं सांगता येतं. आबांच्या डीपीवर आता तशी वही ठेवली आहे, पेटीच्या दाराला सुतळीने बांधून.

या हंगामात माझ्याकडे शिकायला असलेला पोरगा तिथे गेला होता. त्याने काठावरून फोन केला, "मिस्त्री, व्होल्ट तीनशे अठ्ठेचाळीस, अँपिअर चौदा पॉइंट चार."

"कुठल्या फेजचे?"

"आर."

"बाकीचे दोन घे. आणि जॉइंटचे मिलिव्होल्ट. सप्लाय बंद करून पिना बांध, मग चालू करायला सांग."